ट्यूबची गादी

८ जून, रविवार

नितीनला घरी आणलं. ॲम्ब्युलन्स देवळापाशीच थांबली, पुढे चिखल. तिथून खुर्चीत बसवून चौघांनी उचलत आणलं. वडिवळ्यातली निम्मी माणसं रस्त्याच्या कडेला उभी. ओटीच्या पायऱ्या चढवताना नि.ने डोळे गच्च मिटून घेतले.

सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "आलं गं बया माजं लेकरू घरी."

नि. म्हणाला, "अर्धंच आलंय."

कुणी हसलं नाही. तोही नाही.

एप्रिलमध्ये वलवणच्या एका बंगल्यावर शेड ठोकायला गेलेला. पत्र्यावरून पाय सटकला. कमरेच्या वर मणक्याला मार, कमरेखाली काही नाही. दोन डॉक्टरांना विचारून झालं. दोघेही एकच बोलले, आता चालणं नाही, फक्त एकजण खाली बघून बोलला.

पलंगावर झोपवला. हा पलंग त्यानेच वेल्डिंग केलेला, आमच्या लग्नाच्या वेळी. जाता जाता शेजारची मावशी म्हणाली, "मजबूत हाय हो पलंग." काय बोलावं हे कुणालाच कळत नाही.


११ जून

दुपारी नि. झोपलेला असताना त्याच्या व्हीलचेअरवर बसून घरभर फिरले. म्हणजे फिरायचा प्रयत्न केला. उंबरा आडवा येतो. दिव्याची बटणं हाताला येत नाहीत. माठ उंच, कडी उंच, कपड्यांची दोरी तर आभाळात. मोरीचं दार अरुंद, चाक अडकतं.

हे घर उभ्या माणसांचं आहे.

सा.बाई शेतावरून आल्या आणि मला त्यात बसलेलं बघून ओरडल्या. "उट आदी तिच्यातनं. उट म्हन्ते ना!" हात धरून उठवलंच.

पण ठरवलंय. एकेक करून सगळं खाली आणायचं. शाळेत मुलांना एवढं शिकवते, चिकटवा, कापा, शिवा. घरात नको?


१४ जून, शनि.

गोठ्याचं जुनं दार काढून पायऱ्यांवर उतार केला. खाली विटा, वर काथ्याच्या पायपुसण्याच्या पट्ट्या ठोकल्या, चाक घसरू नये म्हणून. दोन दिवस त्यात गेले. हाताला फोड.

सा.बाई : "दार कुटं पायाखाली घालत्यात व्हय?"

आज नि.ला बसवून वर ढकलायला गेले. अर्ध्यात ताकद संपली, खुर्ची मागे यायला लागली. सा.बाईंनी पाठ लावली म्हणून वाचलो. नि.चे हात खुर्चीच्या दांड्यावर पांढरे पडलेले.

खाली आल्यावर म्हणाला, "लय खडा झालाय. वीतभर चढायचं तर फळी पार अंगणात यायला पायजे. अशानं कोन चढंल?"

घरी आल्यापासून त्याचं हे पहिलं लांब वाक्य. मला इतका आनंद झाला की पळत जाऊन शाळेची वही आणि पेन्सिल आणली. "काढून दाखव ना, कसा पाहिजे."

वही हातात घेतली. मांडीवर ठेवली. मांडीवर काय ठेवलंय हे त्याला कळत नाही, वही घसरून खाली पडली, आणि तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आत घे मला."

फॅब्रिकेटर होता. पवन मावळातल्या निम्म्या शेड त्याने उभ्या केल्यात. होता लिहिलं. आहे.


१९ जून

जमलं! जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून वेणी घातली, मध्ये मध्ये दांडक्याचे तुकडे अडकवले, दोरीच्या शिडीसारखं. एक टोक पलंगाच्या पायथ्याशी बांधलं. एकेक दांडकं धरत स्वतःला ओढायचं आणि उठून बसायचं. मोबाइलवर बघून केलं.

नि. पहिल्यांदा नको नको म्हणत होता. मग धरलं. दंड अजून वेल्डरचे आहेत त्याचे. उठून बसला, एकटा. कुणी हात लावला नाही.

सा.बाई पदर तोंडाला लावून चुलीकडे गेल्या.

तो मात्र बसल्या बसल्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. बराच वेळ. मग आडवा झाला. मी विचारलं काय झालं. म्हणाला, "काय न्हाई. झोपून दिसत नव्हते."


२४ जून

या आठवड्यात केलेलं : पीव्हीसी पाइपला पुढे चिमटा आणि मागे दोरी लावून वस्तू उचलायची काठी. मोरीचं दार काढून टाकून पडदा. बटणांना लोंबती दोरी. चमच्याला काही करायची गरज नाही, हात ठीक आहेत.

काठी त्याने वापरली नाही. दोरी ओढतो, पण मी बघत नसताना. दिवा लागलेला दिसला की कळतं.

त्याच्या कामावरचे दोघे भेटायला आलेले. पडद्याकडे, काठीकडे, दोऱ्यांकडे बघून एकजण म्हणाला, "वैनींनी भारी जुगाड केलाय." नि.चा चेहरा बघवेना. ते गेल्यावर म्हणाला, "त्यांना आत कशाला आनलंस?"

रात्री जेवला नाही.


३० जून, सोम.

शाळा. सहावीला बाटल्यांच्या कुंड्या. फळ्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं, टाकाऊतून टिकाऊ. लिहिलं आणि खडू तसाच हातात. एका मुलीने विचारलं, "बाई, काय झालं?" म्हटलं, खडू ओला आहे.

मोठ्या बाईंनी बोलावलं. गोड बोलल्या. रजा फार झाल्या. कार्यानुभवाचे तास तसेही इतर शिक्षकांत वाटता येतात. "तुमच्यासाठीच म्हणतेय, घरी लक्ष देता येईल." मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणते हल्ली.

घरी आल्यावर अंग पुसताना नि.च्या माकडहाडावर लाल डाग दिसला. चपटा, जुन्या नाण्याएवढा. त्याला कळत नाही तिथलं काही. दाबलं तरी नाही.

हॉस्पिटलमधून निघताना सिस्टर म्हणाल्या होत्या, कूस बदलत राहा, एका जागी वजन नको. बदलतो. पण बसल्यावर?


२ जुलै

स्कूटरची जुनी ट्यूब. थोडी हवा भरली. त्यावर गोधडीचं कापड दुहेरी करून शिवलं, बरोबर मापाची गोल गादी, मध्ये भोक. लाल जागा भोकात येईल, तिच्यावर वजन येणारच नाही. मोबाइलवर एक बाई हसत हसत करून दाखवते.

शिवण माझी बारीक आहे. आईकडून आलेली.

नि. बसला. हलून बघितलं. "हे बरंय."

हे बरंय! एवढे दिवस एवढं केलं, त्यातल्या कशालाच तो बरं म्हणाला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.


९ जुलै

भाताची लावणी सुरू. सा.बाई दिवसभर खाचरात. पाऊस थांबत नाही.

नि. सकाळपासून ओटीवर, ट्यूबच्या गादीवर बसून. तिथून धरणाची भिंत दिसते आणि आमचं खाचर. तिथून सा.बाईंना ओरडून सांगतो, "आई, त्या कडंला दाट झालंय!" आणि त्या चिखलातून ओरडतात, "तू ये की मंग लावाया!" आणि मग दोघंही गप्प होतात. पण ओरडले तरी.

उताराची फळीही नवी केली. त्याच्या मापाने, अंगणापर्यंत. काढून दिलं नाही त्याने, तोंडी सांगितलं. "आजून मागं. आजून. बास." मी ठोकते, तो सांगतो. खिळा वाकडा गेला की जीभ चावतो, बोलत नाही. बोलला असता तरी चाललं असतं.

आज चहा पिताना म्हणाला, "वैशाली, तुला वेल्डिंग शिकवाया पायजे होतं."

ही ओळ लिहायला म्हणून आज लिहायला बसले.


१३ जुलै

कूस बदलायला आज मदतीला कुणी नव्हतं, सा.बाई थकून झोपलेल्या. मी एकटीने केलं, नीट झालं नाही. अंग पुसताना वरवर पुसलं, डाग बघायचा राहिला. पावसाने कपडे वाळत नाहीत, सगळ्या घराला ओला वास.

दिवसभर ओटीवर होता. त्याला तिथेच बरं वाटतं. मलाही.


१७ जुलै, गुरु.

वास कपड्यांचा नव्हता.

मधला भाग काळा. भोवती सुजलेलं, बरोबर गोल, ट्यूबच्या आकाराचं. बोट लावलं तर

नंतर लिहीन.


१८ जुलै

तळेगावचं हॉस्पिटल. डॉक्टरबाई तरुण आहेत, माझ्यापेक्षा लहान असतील. जखम उघडून बघितली, खोलवर गेलीय. आधी विचारलं, कशावर बसवत होतात. मी पिशवीतून गादी काढून दाखवली. नीट शिवलेली गादी.

त्यांनी ती हातात घेऊन दाबून बघितली. मग म्हणाल्या, "ताई, ही गोल रिंग वापरायची नसते. कडेने दाब येतो ना, मग मधल्या भागाला रक्तच पोचत नाही. आणि दिवसभर बसले. भरपूर लोक करतात असं, चांगल्या मनानेच करतात."

चांगल्या मनानेच.

नि. पालथा होता, ऐकत होता.  मीही नाही. डॉक्टरबाई लिहीत होत्या, त्यांच्या पेनाचा आवाज येत होता.

मेलेला भाग कापून काढला. भूल द्यायची गरज पडली नाही. हेच सगळ्यात वाईट. तो जागा होता, आणि कापत होते, आणि तो माझ्याकडे बघून विचारत होता, "झालं का?"


२० जुलै

गादी उसवली. एकेक टाका. कात्रीने कापून टाकता आली असती. नाही कापली. बारीक शिवण उसवायला वेळ लागतो.

ट्यूब परसात फेकली. सा.बाई बघत होत्या. म्हणाल्या, "शाळंतल्या पोरांचा ख्योळ केलास माज्या लेकावर."

मी उसवलेल्या कापडाची घडी घातली.  बरोबर आहे.

थोड्या वेळाने त्यांनीच ताटात भाकरी वाढून समोर ठेवली. म्हणाल्या, "खा. तुलाबी काय झालं तर मी एकली काय करू?" त्यात माया होती की हिशेब, कळलं नाही. दोन्ही असेल.

मूल नाही ते बरंच झालं, असंही म्हणाल्या. लग्न झाल्यापासून नेमकं याच्या उलट म्हणत आल्यात.


२६ जुलै

नि. घरी. रोज ड्रेसिंग. हवेची पलंगभर गादी भाड्याने आणलीय, तिची मोटर घरघरते. बसायचं नाही, अजिबात. कुशीवर नाहीतर पालथं. ओटी बंद.

लावणी संपली. खाचरं हिरवी झाली असं ऐकते. ओटीवर जाऊन बघितली नाहीत.

संध्याकाळी पाणी नीट पिता यावं म्हणून, कुशीवर असताना पितो तेव्हा सांडतं, बाटलीच्या झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवत होते. नि. बघत होता.

"काय करतीस?"

सांगितलं.

"ठेव खाली."

"अरे पण सांडतं तुझं..."

"सांडू दे. ठेव ते खाली, वैशाली. मी हात जोडतो."

आणि खरंच जोडले. मी बाटली खाली ठेवली. तो हात जोडून राहिला, जोडलेत हे विसरल्यासारखा.


२ ऑगस्ट

काही केलं नाही. काही करत नाही. ड्रेसिंग, कूस, लघवीची पिशवी, स्वयंपाक. हात रिकामे असले की ते कुठे ठेवावेत हे कळत नाही. शाळेने कळवलंय, आता यायचं नाही. घरीच आहे मी.

नि. शिडीला धरून उठत नाही आता. उठायचंच नाहीये. दोरी पलंगाच्या पायथ्याला लोंबते. सा.बाईंनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला.


९ ऑगस्ट, राखी

दादा आला सुदुंबऱ्याहून. माझा भाऊ. दरवर्षी मी जाते, या वर्षी तो आला, एकटाच, वहिनीला न घेता. तेव्हाच कळायला हवं होतं.

राखी बांधली. पेढा दिला. दादाने नि.शी गप्पा मारल्या, स्वतःच्या कंपनीत कसं चाललंय वगैरे. मग म्हणाला, चल जरा धरणाकडे जाऊन येऊ. पाऊस भुरभुरत होता. भिंतीपाशी उभं राहून म्हणाला, "बॅग भर. आजच नाही म्हणत. पण भर."

"काय बोलतोस दादा?"

"आमच्याकडे शाळा आहे, तुला तास मिळतील. तू पस्तिशीची पण नाहीस अजून."

"आणि हा?"

दादा पाण्याकडे बघत राहिला. "त्यानेच फोन केला होता मला. मी नाही आलो आपणहून. तो म्हणाला, हिला घेऊन जा."

घरी आले. नि. जागा होता. सा.बाई गोठ्यात.

"तू बोलावलंस दादाला?"

"व्हय."

"मला न विचारता?"

"तुला इचारलं असतं तर तू नवीन कायतरी शिवाया बसली असतीस."

मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच करत होते सगळं.

"माझ्यासाठी न्हाई," म्हणाला. रागाने नाही, समजावून सांगावं तसं. "रिकामी बसलीस की तुला रडू येतं, म्हनून करत होतीस. ते मला कळत होतं. म्हनून मी बसत होतो त्या गादीवर. हे बरंय म्हनलो ना मी? तुझं तोंड बघून म्हनलो. मला काय कळनार, बरं का वाईट? मला तितं कळतं का काय?"



दादा चहा न पिता गेला.


१० ऑगस्ट

काल तो जे बोलला ते दिवसभर डोक्यात. खोटं म्हणावं असं त्यात एकही वाक्य सापडलं नाही.


१३ ऑगस्ट, बुध.

ताप. थंडी वाजून, पलंग हलेल एवढी. जखमेतून रक्तात गेलंय म्हणाले. पुन्हा तळेगाव. रस्त्याला अडकलो, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीसाठी आतापासूनच पर्यटक निघालेले, लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या बाजूलाही घुसलेल्या, खिडक्यांतून गाणी. ॲम्ब्युलन्सवाला हॉर्न दाबून दाबून थकला. नि. बडबडत होता. "पत्रा धर. पत्रा धर रे, वारा हाय." कुणाला सांगत होता काय माहीत. मी म्हटलं, धरलाय. धरलाय मी.

मग शांत झाला.


१५ ऑगस्ट

ताप उतरला. डॉक्टरबाई म्हणतात, हाड दिसतंय, नुसतं ड्रेसिंग करून भरणार नाही. बाजूचं मांस-कातडी ओढून जखम झाकायची, ऑपरेशन. मग कित्येक दिवस पालथं. धरलं तर धरलं. "गॅरंटी मी देत नाही ताई."

नि.ने सही केली, पण आधी मला बाहेर जायला सांगितलं. बाहेर बाकावर बसले. सिस्टर नंतर म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी विचारलं, नाही केलं तर किती दिवस लागतील. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही. 

सही मात्र केली आहे. का केली हे त्याला विचारायची हिंमत नाही.


१८ ऑगस्ट, सोम.

ऑपरेशन झालं. पालथा आहे. छातीखाली उशी, पायांखाली उशी. उजवीकडे मान वळवली तर कळ येते, म्हणून डावीकडे. डावीकडे भिंत. आकाशी रंग, त्यावर कुणाचा तरी तेलकट हाताचा ठसा. दिवसभर तेवढंच.

सा.बाई आल्या होत्या, कामशेतपर्यंत चालत, मग रिक्षा. भिंत आणि पलंग यांच्यातल्या फटीत शिरून त्याच्या तोंडासमोर उभ्या राहायचा प्रयत्न केला, मावल्या नाहीत. मग पाठीमागूनच बोलल्या, "नित्या, मी आल्ये."

"व्हय आई."

"भात चांगला हाय औंदा."

"व्हय."

एवढंच. पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, जिथे कळतं तिथे.


२० ऑगस्ट

मी ठरवलं होतं काही करायचं नाही.

स्टेशनजवळ दाढीचा आरसा घेतला. पुठ्ठ्याचा त्रिकोण केला, औषधांच्या खोक्याचा, मागे चिकटपट्टी. भिंतीला तिरका लावला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. स्वतः वाकून, त्याच्या गालाशेजारी गाल नेऊन बघितलं. दार दिसतं. वॉर्डमधून कोण येतं, कोण जातं.

त्याच्या अंगाला कुठे लागत नाही. तीनदा बघितलं. कुठेही नाही.

"कशाला?" म्हणाला.

"दार दिसेल. माणसं दिसतील."

"कोन येनाराय दारातनं?"

"मी."

डोळे मिटले. संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. गोळ्या द्यायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, आता आम्ही येताना दिसणार, झोपेचं सोंग नाही चालायचं." त्याच्या ओठाचा कोपरा हलला की मलाच वाटलं, माहीत नाही.

निघताना दारातून मागे बघितलं. आरशात मिटलेले डोळे. काढून टाकावा का तो? काढायला परत गेले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, भिंतीचा रंग निघंल."


२२ ऑगस्ट

टाक्यांची एक बाजू बरी. दुसरी काळसर. डॉक्टरबाईंनी दोनदा दाबून बघितलं. "अजून दोन-तीन दिवस जाऊ देत." त्यांचा चेहरा वाचायला मी शिकलेय. आज तो वाचता येऊ नये याची काळजी त्या घेत होत्या.

दादाचा फोन. रविवारी येतो म्हणाला. "निर्णय घे वैशू. त्याच्याकडे बघून नको, स्वतःकडे बघून घे."

स्वतःकडे बघितलं तर काय दिसतं? हात दिसतात. सुईने, पुठ्ठ्याने, खिळ्याने खरवडलेले. यांनी घर त्याच्या उंचीला आणायचं होतं.

रात्री घरी आल्यावर सा.बाईंना सांगितलं दादा येणार आहे. मला वाटलं ओरडतील. भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. "जायचं आसंल तर जा. मी न्हाई आडवनार. मी बाई हाय, मला कळतं." थोड्या वेळाने, "पर तो झोपला की जा. त्याच्या डोळ्यांदेकत नको."


२४ ऑगस्ट, रविवार

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय.

दादा खाली गाडीत आहे. माझी पिशवी भरलेली आहे. माझे कपडे आहेत आणि खाली नि.चे धुवायचे आहेत, ते बाहेर काढायचे राहिले. म्हणजे मी कुठे चाललेय ते पिशवीलाही माहीत नाही.

सकाळी डॉक्टरबाई बघून गेल्या. काळं पसरलं नाही, पण कमीही नाही. उद्या सांगते म्हणाल्या.

नि. झोपेल म्हणून वाट बघत बसले. झोपला नाही. मी उठले, पाण्याची बाटली भरून ठेवली, चादर नीट केली, पिशवी उचलली.  त्याने विचारलं नाही, पिशवी एवढी मोठी का. दारात आल्यावर वळून बघितलं. आरशात त्याचे डोळे उघडे होते. सरळ माझ्यावर.

मग म्हणाला, "वैशाली. त्यो जरा फिरव."

"आरसा?"

"व्हय. दार नको. खिडकी दिसू दे."

परत गेले. पुठ्ठा सोडवून तिरकेपणा बदलला, वाकून बघितलं, खिडकीतलं आभाळ दिसेपर्यंत. पाऊस थांबलेला, कडेला एक झाड पण दिसतं. "आलं?" विचारलं. "आलं," म्हणाला.

मी जाताना त्याला बघायचं नाही म्हणून, की त्याला खरंच बाहेर बघायचंय म्हणून? विचारता आलं असतं. मी पलंगाच्या मागे उभी होते, आणि आता आरशात मी कुठेच नव्हते, त्यामुळे मी गेले की उभी आहे हे त्याला दिसत नव्हतं. मी बराच वेळ उभी राहिले. तो आभाळ बघत होता.

मग इथे येऊन बसले. खाली दादा हॉर्न वाजवतोय.